मोकळ्या तारा

मामांच्या गिटारीची मान इतकी आखूड होती की पहिल्यांदा बघणाऱ्याला ते खेळणंच वाटायचं. वडगावची माणसं मनात काही ठेवत नाहीत. "दिवाणजी, पोराची हाय व्हय ही?" असं तोंडावर विचारत. मामा "व्हय, पोराचीच" म्हणत आणि पुढं काही सांगत नसत. खोटं नव्हतं ते. कोडोलीच्या एका शिक्षकांनी आपल्या मुलासाठी ती कलकत्त्याहून मागवली होती. मुलगा शिकायला मुंबईला गेला, तिकडचाच झाला, आणि ही लहान मापाची गिटार पंचविशीतल्या मामांच्या मांडीवर आली ती शेवटपर्यंत तिथंच राहिली. मोठ्या गिटारीत घोडीपासून डोक्याजवळच्या पट्टीपर्यंतची तार साधारण ६५ सेंटिमीटर असते. हिच्यात ५८.

सात सेंटिमीटरनं बराच फरक पडतो. तार आखूड म्हणून त्याच सुराला ताण कमी लागतो, आणि ताण कमी म्हणून बोट नुसतं टेकवून सोडलं तरी तार बोलते. पोट लहान, त्यामुळं खर्जाचा घुमारा उठत नाही. प्रत्येक सूर सुटा, स्वच्छ ऐकू येतो. आवाज मात्र लांब जात नाही. मामा माजघरात वाजवत बसले तर सोप्यात बसलेल्या पाहुण्याला पत्ता लागत नसे.

आणि गाव कुठलं, तर कोल्हापूरजवळचं पेठ वडगाव. सेनापती धनाजी जाधवांची समाधी अंगाखांद्यावर बाळगणारं गाव. हळू बोलणं इथल्या रक्तात नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी जनावरं, टेंपो, मिरचीवाले आणि देवाणघेवाणीच्या शिव्या यांचा मिळून एकच आवाज होतो. लग्नात बँड, गणपतीत बेंजो पार्टी, आणि गेल्या काही वर्षांत छातीची हाडं हलवणारी ती डॉल्बीची भिंत. तशा गावात एका बोळातल्या घरात एक माणूस रोज संध्याकाळी अडत दुकानातून येऊन, पाय धुऊन, शेजारच्या खोलीतही पोचणार नाही असं काहीतरी वाजवत बसायचा. ऐकायचं तर हातभर अंतरावर जाऊन बसावं लागे. मी बसायचे. आजोळी येण्याचं माझं तेच मुख्य कारण होतं, भले आईला वाटो की मी आजीच्या ओढीनं येते.

गिटार म्हटलं की आपल्याकडं डोळ्यांपुढं कॉलेजच्या गॅदरिंगमधला मुलगा येतो. हातात प्लॅस्टिकची पिक, सहाही तारांवर वरखाली फटकारे, आणि गाणारा दुसराच कोणीतरी. मामांच्या वाजवण्यात गाणारा वेगळा नव्हता. साथही तेच, गाणंही तेच. जाड तीन तारा अंगठ्याकडं. बारीक तीन तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेकडं. करंगळीला काही काम नाही. तिला मामा 'पेन्शनर' म्हणत. अंगठा खाली सा-प, सा-प असा चालत राहणार, आणि वरच्या तारांवर बोटं भावगीताची चाल म्हणणार. ऐकणाऱ्याला दोन माणसं वाजवतायत असं वाटतं आणि तेच तर त्यातलं कसब आहे. या पद्धतीला फिंगरस्टाइल म्हणतात हे मी त्यांना फार उशिरा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "असंल," म्हणाले.

मला त्यांनी शिकवलं ते अंगठ्यापासून, आणि बराच काळ अंगठ्यापर्यंतच. सा, प, सा, प. आजी काही विचारत्येय, तिला उत्तर द्यायचं, पण अंगठा थांबवायचा नाही. मांजर अंगावरून गेलं, अंगठा थांबवायचा नाही. "बोटं चुकली तर लोकं म्हणत्यात, नवीन हाय. अंगठा चुकला तर म्हणत्यात, येतच नाही." इतर पोरी भरतकाम शिकत होत्या तेव्हा मी हे करत होते. मग बारावी, कॉलेज, लग्न, इचलकरंजीची नोकरी, आणि शिक्षण तिथंच थांबलं. अंगठा तेवढा राहिला. अजूनही बसमध्ये पर्सच्या पट्ट्यावर तो आपोआप चालतो.

नखांचा किस्सा सांगितल्याशिवाय मामा पुरे होणार नाहीत. फिंगरस्टाइलवाल्याची उजव्या हाताची नखं थोडी वाढलेली लागतात, कारण तारेचा चमकदार आवाज नखातून येतो. डाव्या हाताची मात्र मुळापर्यंत कापलेली, नाहीतर तार नीट दाबता येत नाही. एका हाताची नखं वाढवलेला आणि दुसऱ्याची कापलेला दिवाणजी म्हणजे बाजारपेठेत कुतूहलाचा विषय. कुणाला वाटे नवस आहे, कुणाला वाटे करणीचं काहीतरी आहे. जत्रेच्या जेवणात खरी पंचाईत व्हायची. तांबड्या रश्शात चार भाकरी कुस्करल्यावर ती नखं पुढचे चार दिवस केशरी दिसत. मामी म्हणायच्या, "वाजवायला नखं ठेवा न्हायतर रस्सा तरी सोडा." दोन्हीपैकी मामांनी काहीच सोडलं नाही.

कोडोलीच्या त्या शिक्षकांकडं मामा सायकलनं जात. कोडोली हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं जुनं ठाणं. तिथं चर्च आहे, मिशनचं इस्पितळ आहे, आणि प्रार्थनेत म्हटली जाणारी मराठी भजनं आहेत. नारायण वामन टिळकांची कितीतरी पदं त्यात अभंगाच्या, ओवीच्या चालीवर आहेत. सर त्या भजनांना गिटारीची साथ करत, पण कॉर्ड वाजवून. मामांना कॉर्ड कधी पटली नाही. तीन सूर एकदम वाजवले की त्यांना गर्दी झाल्यासारखं वाटे. त्यांच्या कानात लहानपणापासून तानपुरा होता, कारण वडगावाहून मिरज फार लांब नाही. हातकणंगल्याला जाऊन रेल्वेत बसलं की संपलं.

मिरजेची ती सतारमेकरांची गल्ली ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा जाऊन यावं. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडं वळले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या आजही तिथं पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांचे तानपुरे घडवतायत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मामांचं तिथं जाणं मात्र निव्वळ व्यवहाराचं होतं. गिटारीच्या तारांचा सेट तेव्हा त्यांच्या पगाराला महाग पडे. पहिली तार सारखी तुटायची. मग त्यांनी शोध लावला की सतारीची बाजाची तार जवळपास ०.३० मिलिमीटरची असते, आणि गिटारीच्या हलक्या सेटमधली पहिली तारही तेवढीच. फक्त सतारीच्या तारेला टोकाचा मणी नसतो. तुटलेल्या तारेचा पितळी मणी पक्कडीनं सोडवायचा, त्यात सतारीची तार ओवून पिळायची, झालं. एकदा उन्हाळ्यात गिटारीची घोडीच उखडली. सहा तारांचा मिळून पन्नास-साठ किलोंचा ताण त्या एवढ्याशा लाकडावर असतो, डिंक सुटला की गेलीच. तीही मिरजेतल्याच एका सतार करणाऱ्या म्हाताऱ्यानं सरस लावून बसवली. त्यानं विचारलं, "ही वाजवतं कोण?" आणि मामांनी वाजवून दाखवल्यावर पैसे घेतले, पण चहाही पाजला.

तानपुऱ्याच्या नादानं मामांनी आधी जाड तार उतरवली, मग पहिली, मग दुसरी. इकडं खाली-वर करत करत शेवटी सहा तारांवर सा, प, सा, म, प, सा असं सगळं मोकळंच लागलं. एकही बोट न दाबता नुसता हात फिरवला तरी माजघरात तानपुरा उभा राही. पुढं कधीतरी मला कळलं की नेमकी हीच जुळणी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्ही ग्रॅहम नावाच्या इंग्रज वादकानं मोरोक्कोतल्या ऊदवादकांबरोबर वाजवता यावं म्हणून बसवली आणि ती पुढं जगभर पसरली. मामांना मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, "त्येला बी तानपुरा पायजे होता की मग." यापेक्षा नेमकं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. त्या जुळणीत गंधार नाही, कोमलही नाही आणि शुद्धही नाही. म्हणून ती बऱ्याच रागांना अडवत नाही. गंधार आणि धैवत दोन्ही वर्ज्य असलेला सारंग तर तिच्यात घरच्यासारखा बसतो. लोडशेडिंगच्या दुपारी, पंखा बंद, कौलांतून ऊन खाली आलेलं, आणि मामा सारंग वाजवतायत. दुसऱ्या तारेवर चौथ्या पडद्यावर शुद्ध निषाद, तिसऱ्यावर कोमल. चढताना चौथा, उतरताना तिसरा. हे पडदे माझ्या बोटांना कसे पाठ झाले ते पुढं येईलच.

मोबाइल आल्यावर मी त्यांना मिसिसिपी जॉन हर्ट ऐकवला. अमेरिकेतल्या ॲव्हलॉन नावाच्या खेड्यातला कृष्णवर्णीय शेतमजूर. १९२८ मध्ये त्याची काही गाणी ध्वनिमुद्रित झाली, खपली नाहीत, आणि तो परत शेतावर गेला. १९६३ मध्ये एका तरुणानं त्याच्याच गाण्यातल्या गावाच्या नावावरून त्याला शोधून काढलं. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या मोठ्या महोत्सवात वाजवत होता, आणि १९६६ मध्ये गेलाही. मामांनी डोळे मिटून ऐकलं. गाणं, आवाज, इंग्रजी शब्द, यातल्या कशावर बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "अंगठा बग. गडी नांगर धरून आलाय, पण अंगठा बग." नंतर जरा वेळानं विचारलं, मधली पस्तीस वर्षं तो काय करत होता. मी म्हटलं, शेती. "आणि वाजवत हुता," मामा म्हणाले, विचारलं नाही.

मोठ्या गिटारीबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं आणि ते मी इथं नोंदवून ठेवते, कारण माझंही तेच आहे. एकोणिसाव्या शतकात बहुतेक गिटारी लहान असत, दिवाणखान्यात बसून ऐकायच्या. मग गाणाऱ्यांच्या गराड्यात ऐकू जावं म्हणून १९१६ मध्ये अमेरिकेत मार्टिन कंपनीनं रुंद कमरेची थोराड गिटार बनवली. तिला नाव दिलं ब्रिटिश युद्धनौकेचं, ड्रेडनॉट. आज दुकानात टांगलेली दिसते ती बहुतेक तीच. युद्धनौकेचं नाव घेतलेलं वाद्य माजघरात कशाला हवं?

ऑगस्ट २०१९. कृष्णा-पंचगंगेच्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं आणि वडगावाहून कोल्हापूरला जायचा रस्ता काही दिवस बंद राहिला. त्याच दिवसांत एका पहाटे मामांना डावा पाय उचलेना. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. आम्ही वाट शोधत शोधत मोठ्या इस्पितळात पोचलो तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. दोष द्यायचा तर पाण्यालाच. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला की डावं अंग जातं आणि बोलणं बहुधा वाचतं. मामांचंही तसंच झालं. बोलणं शाबूत, उजवा हात शाबूत, पाय काठीच्या आधारानं परत चालू लागला. डावा हात मात्र मांडीवर ठेवला की ठेवलेलाच राही.

घरी आल्यावर गिटार कपाटावर गेली. कुणी ठेवली ते विचारायचं धाडस झालं नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच, त्यांच्या नजरेसमोर नको. मामांनी आठवडाभर काही म्हटलं नाही आणि मग एका संध्याकाळी उजव्या हाताची नखं कापायला आलेल्या मुलाला म्हणाले, "ह्या हाताची ठेव."

गिटार खाली आली. उजव्या मांडीवर ती बसली, मान डावीकडं हवेत. अंगठा मोकळ्या तारांवर चालू लागला. सा, प, सा, प. वरच्या तारांवर बोटं फिरली. म, प, सा. तेवढंच. सगळं मोकळं, दाबायला हात नाही. त्यांनी एकदा, दोनदा वाजवलं आणि मान माझ्याकडं फिरवली. "इकडं ये. डावीकडं बस. दुसऱ्या तारेवर तिसऱ्या घरात बोट ठेव. आत्ता नको. मी म्हणंल तवा."

तिथून ते सुरू झालं. शनिवारी दुपारी इचलकरंजीहून मी वडगावला जायचे आणि आम्ही दोघं मिळून एक गिटार वाजवायचो. उजवा हात त्यांचा, डावा माझा. बसायची रीत ठरायला वेळ लागला. खुर्च्यांचे हात मध्ये यायचे, म्हणून बिनहाताच्या आणल्या. मान आखूड असल्यानं खांद्याला खांदा लावूनच बसावं लागे. त्यांचा निर्जीव डावा हात माझ्या मांडीवर उशीवर ठेवलेला असे, कारण खाली लोंबला तर दुखे.

गिटारीत डावा हात नेहमी आधी जातो. बोट पडद्याजवळ टेकलं पाहिजे, मग उजव्यानं तार छेडायची. केसाइतका उशीर झाला तर बद्द असा मेलेला आवाज येतो. एकाच माणसाच्या दोन हातांत हे आपोआप जमतं, दोघांच्या हातांत मात्र मला आधीच कळायला हवं की पुढं काय येणार आहे. पहिले कित्येक शनिवार नुसते बद्द बद्द गेले. मामा रागावत नसत. "आधी बोट, मग नाद," एवढंच. हळूहळू माझ्या लक्षात आलं की ते सूर छेडण्याआधी किंचित श्वास घेतात, आणि बोटांकडं बघण्याऐवजी मी श्वासाकडं कान लावू लागले. तारा ढिल्या होत्या. जोरात दाबलं की सूर चढायचा. "दाबू नको, टेकव." सारंगात चढताना चौथा, उतरताना तिसरा. कुठून चढायचं आणि कुठून वळायचं हे ते ठरवत. मी फक्त तिथं असायचे. कधी कधी ते मुद्दाम वाट बदलत, अवरोहाला सुरुवात करून मध्येच परत वर जात, आणि मी चौथ्या पडद्यावर वेळेत पोचले तर तोंडातल्या तोंडात "हां" म्हणत. आयुष्यात मला मिळालेल्या शाबासक्यांत ते "हां" वरचं आहे.

घरातल्या लोकांना हे आधी विचित्र वाटलं. मग गंमत वाटू लागली. फिजिओथेरपीला येणारा मुलगा म्हणाला, बघण्याचाही उपयोग होतो, त्यांना तुमचा हात नीट बघू द्या. मामा माझ्या हाताकडं बघतही. पण उपचार म्हणून बघत असतील असं मला वाटलं नाही. मामी भाकरी थापत थापत ऐकायच्या आणि एका शनिवारी म्हणाल्या, "आदी यवडं वाजवत नव्हता." खरं होतं. दोन हात असताना ते एकटे अर्धा तास वाजवत. आता आम्ही दिवेलागणीपर्यंत बसत असू.

एका वाद्यावर दोघांनी वाजवायची कल्पना आमची नाही, हे मला नंतर कळलं. जॉन डाउलंड या इंग्रज ल्यूटवादकानं १५९७ साली छापलेल्या आपल्या पहिल्या गीतसंग्रहात एका ल्यूटवर दोघांनी वाजवायची रचना दिली आहे. दोघं अगदी जवळ बसल्याशिवाय ती वाजवता येत नाही. मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा की त्यातल्या कुणाचा हात गेला होता. कुणाचाच नाही, मी म्हटलं. "मग कशाला?" मामा म्हणाले.

दुसरा झटका आला तेव्हा तयारीला वेळच मिळाला नाही. उन्हाळ्याची सकाळ होती, चहा अर्धा झाला होता. आंघोळ घालताना नात्यातल्या एका मोठ्या माणसानं उजव्या हाताची ती नखं बघितली आणि कापायला म्हणून ब्लेड मागितलं. मामी आतून आल्या. "त्येंची हायत ती. असू देत." ती तशीच गेली.

दिवस झाल्यावर लोक विचारू लागले, तुझ्याकडं रेकॉर्डिंग असेल ना? आहे. शनिवारच्या बैठकांची माझ्या फोनमध्ये बरीच आहेत. मागं भाकरीची थाप आहे, एकदा कुकर आहे, एकदा दारात आलेल्या भंगारवाल्याची आरोळी आहे. ऐकायला बसले की एक गोष्ट सारखी आडवी येते. त्यातला दाबलेला प्रत्येक सूर आम्हा दोघांचा आहे. निषाद, रिषभ, सगळे. त्यांनी छेडला, मी टेकवला. त्यातला माझा किती आणि त्यांचा किती हे वेगळं काढता येत नाही. एकटे मामा ज्यांत आहेत असे सूर फक्त मोकळ्या तारांचे. सा, प, सा, म, प, सा. तिथं माझा हात नाही. मग मी बाकीचं सगळं सोडून तेवढंच ऐकते. अंगठा सा-प, सा-प चालतोय आणि वर काहीही होवो, तो थांबत नाही.

लोकांचं समाधान होत नाही यानं. "तू वाजव की आता, तुला येतंय." मला येत नाही, हे त्यांना पटवणं अवघड आहे. माझा डावा हात चांगला तयार आहे, दुसऱ्याच्या उजव्या हातासाठी. तो श्वासाची वाट बघतो. माझा स्वतःचा उजवा हात श्वास न घेता तार छेडतो, आणि डावा दचकल्यासारखा उशिरा पोचतो. सरावानं सुधारेल, असं मला गिटार शिकवणाऱ्या एका मुलीनं सांगितलं आणि ते बरोबरच असेल. पण सुधारला म्हणजे तो हात मामांची वाट बघणं सोडेल. त्या सरावाला मी अजून सुरुवात केलेली नाही. वाईट वाटून नाही. मला तो हात आहे तसाच हवा आहे.

गिटार विकत मागणारे दोघं येऊन गेले. एकाला ती मुलासाठी हवी होती, लहान मापाची स्वस्तात मिळते म्हणून. दुसऱ्याला भिंतीवर लावायला. दुसऱ्याला मी चहाही विचारला नाही. पहिल्याला म्हटलं, मुलाला घेऊन या, बघू. तो मुलगा आता अधूनमधून येतो. त्याला मी अंगठाच शिकवते, कारण तेवढंच मला पूर्ण येतं. मांजर अंगावरून गेलं तरी थांबायचं नाही, एवढं त्याला जमलं की गिटार त्याची.

एक विनंती मात्र मला करायची आहे, आणि ती गिटारवाल्यांपुरती नाही. झटका येऊन एखाद्याचा एक हात गेला की घरातली माणसं मायेनं पहिलं काम करतात ते त्याचं वाद्य, त्याचं हत्यार, त्याचा पत्त्यांचा कॅट नजरेआड ठेवायचं. आमच्याही घरी तेच झालं होतं. ते खाली काढा. शेजारी बसा आणि तुमचा हात द्या. खुर्ची बिनहाताची घ्या, गेलेला हात उशीवर ठेवा, जाड तारा काढून बारीक लावा, सूर थोडा उतरवा म्हणजे दाबायला जड जात नाही. सुरुवातीला महिनाभर बद्द बद्द आवाज येईल, तेव्हा हसलं तरी चालतं. आणि काय वाजवायचं हे त्यालाच ठरवू द्या.